मोठ्या रेडिओने वाजवलं नाही, तरी आर.ई.एम. मोठा कसा झाला?

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’च्या सोहळ्यात साठी ओलांडलेले चार गृहस्थ मंचावर आले, एकच गाणं वाजवलं आणि खाली उतरले. मायकल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी. त्यांचा आर.ई.एम. हा बँड २०११ मध्येच बंद झाला होता, आणि ड्रमर बेरी तर १९९७ मध्येच वेगळा झाला होता. ती चित्रफीत पाहणाऱ्या विशी-पंचविशीतल्या कुणालाही प्रश्न पडावा, की या मंडळींचं एवढं कौतुक कशासाठी? ना गिटारचे लांबलचक सोलो, ना आरडाओरडा, ना कसली वेशभूषा.

प्रश्न रास्त आहे, आणि तो जुनाही आहे. १९८३ च्या अखेरीस ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम निवडला. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ तेव्हा जगभर धुमाकूळ घालत होता. समीक्षकांनी त्याला मागे ठेवून निवडला आर.ई.एम.चा पहिला अल्बम, ‘मर्मर’. तोवर त्याच्या जेमतेम दोन लाख प्रती खपल्या होत्या आणि ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो ३६ व्या क्रमांकाच्या वर गेला नव्हता. त्यातल्या गाण्यांचे शब्द कुणाला धड ऐकूही येत नव्हते.

असा बँड आठ वर्षांत अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. कसा, ते समजून घ्यायचं तर संगीताआधी बाजाराकडे बघावं लागतं.

आधी बाजार

१९८० च्या सुमाराला अमेरिकेत गाणं लोकांपर्यंत पोहोचायचं ते मुख्यतः व्यावसायिक रेडिओवरून. एमटीव्ही, म्हणजे गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी, सुरू झालं ऑगस्ट १९८१ मध्ये. व्यावसायिक केंद्र जाहिरातींवर चालतं. ऐकणाऱ्याने दुसरं केंद्र लावू नये ही त्याची सगळ्यात मोठी चिंता, म्हणून जे आधीच लोकप्रिय आहे तेच पुन्हा पुन्हा वाजवायचं. त्या ठरीव यादीत शिरायला मोठ्या रेकॉर्ड कंपन्या प्रचारावर बक्कळ पैसा ओतत. कुठल्याशा गावातल्या चार पोरांना तिथे दार उघडं असण्याचं कारणच नव्हतं.

या मुख्य रस्त्याबाहेर जे रॉक संगीत वाढलं, त्याला पुढे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणू लागले. सुरुवातीला तो कुठला एक ठरावीक आवाज नव्हता. कुणी कर्कश वाजवत, कुणी नाजूक. सारखेपणा होता तो वाटेचा: छोट्या कंपन्या, छोटे क्लब, विद्यार्थ्यांची रेडिओ केंद्रं. आपल्याकडची व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमी आठवा. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात जी नाटकं झाली, त्यांची शैली एकमेकांशी जुळत नव्हती. पण ती सगळी शिवाजी मंदिरच्या गल्ल्यापासून दूर, थोडक्या पैशात आणि ठरलेल्या प्रेक्षकाची मर्जी न सांभाळता उभी राहिली. अमेरिकेतल्या या संगीताचं छबिलदास एका जागी नव्हतं, शेकडो गावांत विखुरलेलं होतं, एवढाच काय तो फरक.

त्यातलं एक गाव म्हणजे जॉर्जिया राज्यातलं अथेन्स.

अथेन्समध्येच का?

अथेन्स हे अटलांटापासून दीड-दोन तासांवरचं विद्यापीठाचं गाव. जॉर्जिया विद्यापीठ तिथलं. दरवर्षी नवी हजारो मुलं येणार, जुनी जाणार. चित्रकलेचा विभाग जोरात, घरभाडी स्वस्त, आणि करमणूक म्हणजे कुणाच्या तरी घरची पार्टी. अशाच एका घरगुती पार्टीत १९७७ मध्ये ‘द बी-फिफ्टीटूज’ हा बँड पहिल्यांदा वाजला आणि थोड्याच काळात न्यूयॉर्क गाजवून आला. मागोमाग ‘पायलॉन’ आला. तो तर कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ कलाप्रयोग म्हणूनच सुरू केला होता. त्यामुळे १९८० पर्यंत अथेन्समधल्या मुलांना एवढं पक्कं ठाऊक झालं होतं, की बँड काढायला फार वाजवता यावं लागत नाही आणि गाव सोडून जावंही लागत नाही.

पीटर बक ‘वक्सट्री’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा. मायकल स्टाइप चित्रकला आणि छायाचित्रण शिकणारा विद्यार्थी, दुकानातलं गिऱ्हाईक. बकने स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या तबकड्याच स्टाइप नेमक्या मागायला लागला, तेव्हा दोघांची गट्टी जमली. गायिका पॅटी स्मिथ आणि ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’, ‘टेलिव्हिजन’ हे बँड ही दोघांची दैवतं. माइक मिल्स आणि बिल बेरी हे मेकन शहरातून आलेले शाळासोबती. शाळेत आधी एकमेकांना पाण्यात पाहणारे, मग एकत्र वाजवू लागलेले. या दोघांना खरंच वाजवता येत होतं. बक अजून शिकत होता.

५ एप्रिल १९८० रोजी चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला. जागा होती वापरात नसलेलं सेंट मेरीज एपिस्कोपल चर्च. बक आणि स्टाइप तिथेच भाड्याने राहत होते. बँडला तोवर पक्कं नाव नव्हतं. नंतर शब्दकोश उघडून स्टाइपने आर.ई.एम. हे नाव उचललं. पुढे चौघांनीही शिक्षण सोडलं. आईवडील काय म्हणाले असतील याची कल्पना मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको.

एक हजार तबकड्या

बँडने आपलं पहिलं गाणं, ‘रेडिओ फ्री युरोप’, १९८१ च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित केलं. कुठे? उत्तर कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये, मिच ईस्टर नावाच्या तरुण निर्मात्याच्या, म्हणजे ध्वनिमुद्रण घडवून आणणाऱ्याच्या, आईवडिलांच्या गॅरेजमध्ये. त्याने तिथे ‘ड्राइव्ह-इन’ नावाचा स्टुडिओ थाटला होता. तबकडी काढली ‘हिब-टोन’ने, म्हणजे अटलांटातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लेबलने. लेबल म्हणजे तबकडी छापून विकणारी कंपनी. मोठ्या कंपन्यांच्या मालकीचं नसेल तर त्याला ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र लेबल म्हणतात. हे लेबल इतकं स्वतंत्र होतं, की पहिल्या छपाईतल्या बहुतेक तबकड्यांवर संपर्काचा पत्ताच छापायचा राहून गेला.

पहिली छपाई एक हजार प्रतींची. त्यातल्या सहाशे चक्क फुकट वाटल्या: समीक्षकांना आणि रेडिओ केंद्रांना. गाणं वाजलं, लिहिलं गेलं, आणि मग आणखी सहा हजार छापाव्या लागल्या. वर्षअखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याला वर्षातल्या उत्तम गाण्यांत घेतलं.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो तोट्याचा आकार. गाणं पडलं असतं तर काय झालं असतं? काहीशे तबकड्या गॅरेजमध्ये पडून राहिल्या असत्या. कुणाची नोकरी गेली नसती, कुणी ‘आता आमचं ऐका’ म्हणून बँडच्या डोक्यावर बसलं नसतं. पुढची सात वर्षं आर.ई.एम.ने टाकलेलं जवळजवळ प्रत्येक पाऊल असंच होतं: फसलं तरी परवडणारं.

ही तबकडी वाजवली कुणी?

अमेरिकेत एफएम पट्ट्याचा खालचा भाग, साधारण ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, बिनव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. विद्यापीठांची केंद्रं तिथेच असतात. अथेन्सचं डब्ल्यूयूओजी हे त्यातलंच एक, १९७२ पासूनचं. यालाच म्हणतात कॉलेज रेडिओ. जाहिराती नाहीत, म्हणून श्रोता पळून जाण्याची धास्ती नाही. निवेदक म्हणजे विद्यार्थी, बहुतेक बिनपगारी. रात्री दोन वाजता वीस जण ऐकत असले तरी त्या मुलाला आपल्या आवडीचं वाजवायची मुभा.

एकेका केंद्राचा आवाका लहान. पण १९७८ पासून ‘सीएमजे’ नावाचं एक नियतकालिक देशभरच्या अशा केंद्रांकडून ‘तुमच्याकडे काय वाजतंय’ याच्या याद्या मागवून छापू लागलं. विखुरलेले वीस-वीस श्रोते कागदावर एकत्र दिसू लागले. त्या याद्या वाचून छोटी लेबलं ठरवत कुणाला करारबद्ध करायचं, आणि क्लबवाले ठरवत कुणाला बोलवायचं. म्हणजे मोठ्या रेडिओच्या पायाखालीच एक दुसरी यंत्रणा उभी राहिली होती. तिला फक्त गावोगाव फिरायची तयारी असलेला बँड हवा होता.

फिरण्याची तयारी म्हणजे काय, तर एक जुनी व्हॅन, चालक म्हणून मॅनेजर जेफरसन होल्ट, आणि जेवणाचा भत्ता माणशी दिवसाला दोन डॉलर. पिझ्झाच्या दुकानात, डिस्कोत, जिथे बोलावतील तिथे वाजवायचं. एका गावात पहिल्या खेपेला पंचवीस लोक आले तर सहा महिन्यांनी पुन्हा जायचं. ते पंचवीस आपापले मित्र घेऊन येतात. चार जणांपैकी दोघांनाच नीट वाजवता येणारा बँड दोन-तीन वर्षांत घट्ट झाला, तो या फिरस्तीत.

मग यात वशिला नव्हताच का?

होता. बिल बेरी मेकनमध्ये पॅरागॉन नावाच्या कंपनीत पडेल ते काम करायचा. गायक-वादकांचे कार्यक्रम ठरवून देणारी ही एजन्सी. तिथे त्याची ओळख इयन कोपलंडशी झाली. इयनचा एक भाऊ स्टुअर्ट, ‘द पोलीस’ या प्रसिद्ध बँडचा ड्रमर. दुसरा भाऊ माइल्स, ज्याने १९७९ मध्ये आय.आर.एस. रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली. इयनने पुढे स्वतःची एजन्सी काढली तिचं नाव एफ.बी.आय. वडील सीआयएत काम केलेले. मुलांनी धंद्यांना पोलीस, आयकर खातं (आय.आर.एस.) आणि तपास खातं (एफ.बी.आय.) अशी नावं दिली. घरात विनोदबुद्धी भरपूर असावी.

ही ओळख कामी आली. डिसेंबर १९८० मध्ये, म्हणजे पहिल्या कार्यक्रमानंतर आठच महिन्यांनी, आर.ई.एम.ने अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये पोलीसच्या आधी वाजवलं. मे १९८२ मध्ये आय.आर.एस.शी करार झाला. आरसीए या बड्या कंपनीनेही रस दाखवला होता, तरी पोरांनी धाकट्या कंपनीची निवड केली. ऑगस्टमध्ये ‘क्रॉनिक टाउन’ हा पाच गाण्यांचा छोटा संच निघाला, तोही गॅरेजमध्येच मुद्रित केलेला.

पण वशिल्याने सगळं होत असतं, तर त्याच गावातला, अनेकांच्या मते अधिक धाडसी असलेला पायलॉन १९८३ मध्ये मोडला नसता. मोठ्या बँडच्या आधी वाजवण्याची संधी त्यांनाही मिळत होती. त्यांना त्यात मजा येईनाशी झाली आणि ते थांबले. १९८७ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने मुखपृष्ठावर आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड म्हटलं, तेव्हा हा मान खरा पायलॉनचा, असं बेरीनेच सांगितलं. ओळख एक दार उघडते. दोन डॉलरच्या भत्त्यावर महिनोन्‌महिने व्हॅनमध्ये बसायचं की नाही, हे ती ठरवत नाही.

शब्द कळत नाहीत, तर गाणं कसलं?

हा आक्षेप तेव्हाही होता. सुरुवातीच्या अल्बमांत स्टाइपचा आवाज वाद्यांच्या पुढे येत नाही, त्यांच्यात मिसळून जातो. शब्द पुटपुटल्यासारखे, आणि कव्हरवर छापलेलेही नाहीत. काहींना हा आळस वाटला, काहींना ढोंग. माझं मत असं, की पहिले चार महिने वैताग येतो आणि नंतर लक्षात येतं की आपण आवाजाकडे एका वाद्यासारखं ऐकायला लागलो आहोत. चाली मात्र अजिबात धूसर नाहीत. बक रिकनबॅकर गिटारवर स्वरसमूह एकदम न छेडता त्यातले सूर एकेक करून सुटे वाजवतो, त्यामुळे गिटार घणघणत नाही, किणकिणते. मिल्सची बेस गिटार नुसता ठेका धरत नाही, स्वतंत्र चाल गाते. वर मिल्स आणि बेरी दोघांचे मागचे आवाज. गिटारचे सोलो नकोत आणि त्या काळी फॅशनमध्ये असलेले सिंथेसायझर नकोत, असं बँडने ठरवलेलंच होतं.

‘मर्मर’च्या वेळी याची परीक्षा झाली. कंपनीने स्टीव्हन हेग हा निर्माता सुचवला. त्याने एकच गाणं पुन्हा पुन्हा, काटेकोर तालयंत्रावर वाजवून घेतलं आणि वर कीबोर्ड चढवले. बँड हिरमुसला आणि त्यांनी मिच ईस्टरच परत मागितला. कंपनीने आधी एक गाणं करून दाखवायला सांगितलं. ते ऐकलं आणि मान्य केलं. मग ईस्टर आणि सहनिर्माता डॉन डिक्सन यांनी शार्लट शहरातल्या रिफ्लेक्शन स्टुडिओत १९८३ च्या सुरुवातीला अल्बम पूर्ण केला. बड्या कंपनीचे लाखो डॉलर अडकलेले असते, तर चार नवख्या पोरांचा हट्ट कुणी चालवून घेतला असता असं मला वाटत नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात देशभर दिसले. दोन गाण्यांच्या मधे लेटरमन गप्पा मारायला आला, तेव्हा गायक महाशय मागे ड्रमच्या चौथऱ्यावर जाऊन बसले. बोलले ते बक आणि मिल्स.

पैशांवरून भांडण कसं झालं नाही?

बँड फुटतात ते बहुतेकदा इथे. तबकडी विकली की दोन वेगळे प्रवाह सुरू होतात. एक, वाजवणाऱ्यांचा वाटा. पण कंपनीने आधी दिलेली उचल, म्हणजे अॅडव्हान्स, वसूल होईपर्यंत तो हातात पडत नाही. दुसरा, गाणं रचणाऱ्याचा वाटा, म्हणजे लेखन-मानधन. तो उचलीशी न जोडता वेगळा येऊ शकतो. समजा चौघांतल्या एकट्याने गाणी लिहिली, तर पाच वर्षांनी तो बंगला बांधतो आणि उरलेले तिघे भाड्याच्या खोलीत राहतात. शिवाय प्रत्येक जण आपलंच गाणं अल्बमवर यावं म्हणून झगडतो.

आर.ई.एम.ने सगळ्या गाण्यांखाली चौघांची नावं लावली: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. वर्णानुक्रमे, समान वाटा. चाल कुणाचीही असो, शब्द बहुतांशी स्टाइपचे असोत. निर्णयाच्या बाबतीतही प्रत्येकाला नकाराधिकार. एकाचं ‘नाही’ म्हणजे नाही. वकील बर्टिस डाउन्स हा अथेन्समधलाच, सुरुवातीपासूनचा. सगळ्यात गाजलेला गायक आणि मागे बसणारा ड्रमर यांना गाण्यांचे सारखेच पैसे, ही गोष्ट आजही या धंद्यात सहसा होत नाही.

मग ते मोठ्या कंपनीत का गेले?

‘विकले गेले’ हा आरोप आर.ई.एम.वर झालाच. त्याआधीची चढण पाहा. अमेरिकेच्या यादीत पहिल्या पाच अल्बमांनी गाठलेले सर्वोच्च क्रमांक: ३६, २७, २८, २१, १०. पाच वर्षं, पाच अल्बम, आणि एकही उडी नाही. १९८६ च्या अल्बममध्ये निर्माता डॉन गेहमनने स्टाइपचा आवाज पुढे आणला, तो अल्बम पाच लाखांवर गेला. १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’मधलं ‘द वन आय लव्ह’ गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोहोचलं. (लोक ते प्रेमगीत म्हणून एकमेकांना अर्पण करत. नीट ऐकलं तर ते माणसाला वापरून फेकण्याबद्दल आहे. शब्द कळायला लागले, तरी ऐकतो कोण!)

आय.आर.एस.ची अडचण होती परदेशात. अमेरिकेबाहेर तबकड्या नीट पोहोचत नव्हत्या. १९८८ मध्ये बँडने वॉर्नर ब्रदर्सशी करार केला. रक्कम साठ लाख ते एक कोटी वीस लाख डॉलरच्या दरम्यान असल्याचं तेव्हा छापून आलं. पण खरी अट पैशाची नव्हती. कसलं संगीत करायचं यात कंपनी नाक खुपसणार नाही, हे त्यांनी लिहून घेतलं. पाच अल्बमांचा स्वतःचा श्रोता पाठीशी होता, म्हणून ही अट मागता आली. ऑगस्ट १९८३ मध्ये याच चौघांनी पोलीसच्या आधी शे स्टेडियमसारख्या मैदानांत वाजवलं होतं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं; १९८९ मध्ये ते स्वतःच्या नावावर मोठमोठी सभागृहं भरत होते.

तेव्हा आरोपात तथ्य किती? वाट बदलली, हे खरं. ज्या छोट्या लेबलांनी आणि कॉलेज केंद्रांनी त्यांना वाढवलं, त्यांच्या हातून ते निसटले, आणि मोठ्या कंपन्यांना त्या वाटेवरचं पीक दिसू लागलं. सप्टेंबर १९८८ मध्ये बिलबोर्डने ‘मॉडर्न रॉक’ची वेगळी यादीच सुरू केली, आर.ई.एम.चं ‘ऑरेंज क्रश’ तिथे आठ आठवडे पहिलं होतं. १९९१ मध्ये ग्रॅमीत ‘अल्टरनेटिव्ह’ नावाचा स्वतंत्र विभाग आला, आणि दुसऱ्याच वर्षी तो आर.ई.एम.च्या ‘आउट ऑफ टाइम’ला मिळाला. तोवर तो अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिला येऊन गेला होता. पर्याय म्हणून निघालेल्या वाटेवर आता टोलनाका बसला होता.

त्या अल्बममधलं ‘लूजिंग माय रिलिजन’ हे गाणं बकच्या मँडोलिनच्या सरावातून निघालं. त्यात समूहाने गाण्याजोगं ठसठशीत ध्रुवपद नाही. पहिलं गाणं म्हणून ते बाजारात आणायला कंपनी कां-कू करत होती. ते चौथ्या क्रमांकावर गेलं. त्याची चित्रफीत केली जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने. १९९१ मध्येच स्टार टीव्हीवरून एमटीव्ही भारतात दिसायला लागलं, आणि मुंबई-पुण्यातल्या केबलवाल्या घरांमध्ये आर.ई.एम. पोहोचला तो प्रामुख्याने या गाण्यामुळे. अथेन्स, व्हॅन, गॅरेज यांतलं काहीच इकडच्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हतं. इथे तो बँड पहिल्यापासून मोठाच होता.

ऐकायचं तर कुठून?

‘लूजिंग माय रिलिजन’ बहुतेकांनी ऐकलेलं असतं, म्हणून तिथून सुरुवात करू नका. आधी ‘डॉक्युमेंट’ घ्या. आवाज स्वच्छ आहे. मग मागे ‘रेकनिंग’कडे या, १९८४ चा. त्यात बकची गिटार सगळ्यात उघडी ऐकू येते. ‘मर्मर’ शेवटी, आणि शक्यतो हेडफोनवर. ‘रेडिओ फ्री युरोप’ दोनदा मुद्रित झालंय: १९८१ चं हिब-टोनवरचं आणि १९८३ चं ‘मर्मर’वरचं. दुसरं बिलबोर्डवर ७८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. मला पहिलं जास्त आवडतं. ते जरा घाईत आहे, आवाज कोंदट आहे, आणि शब्द त्यातही कळत नाहीत.